नवीकरणीय प्रकल्प नियंत्रण केंद्राच्या सॉफ्टवेअरला जोडताना : सिग्नल यादीपासून चाचणीपर्यंत

५० मेगावॉटच्या एका पवनऊर्जा प्रकल्पाला नियंत्रण केंद्रातून ४० असा सेटपॉइंट, म्हणजे उत्पादनमर्यादेचा आदेश, गेला आहे, असे समजा. पाठवणाऱ्याच्या मनात ४० मेगावॉट आहेत. प्रकल्पातील प्लांट कंट्रोलर मात्र तो आकडा टक्केवारी म्हणून वाचतो आणि स्वतःवर २० मेगावॉटची मर्यादा घालून घेतो. त्या वेळी वारा बेताचा असल्यामुळे प्रकल्प जेमतेम १५ मेगावॉट देत असतो, म्हणून पडद्यावर काहीच वावगे दिसत नाही. आदेश गेला, पोच आली, दिवा हिरवा झाला. चूक उघडकीस येते ती काही दिवसांनी, वारा वाढूनही प्रकल्प २० वर अडकून बसतो तेव्हा. आणि तोवर सिग्नल जोडणारा अभियंता दुसऱ्या कामावर गेलेला असतो.

नियंत्रण केंद्राचे सॉफ्टवेअर निवडताना चर्चा बहुधा नकाशे, आलेख आणि अंदाजाच्या गणिताभोवती फिरते. जोडणी फसते ती मात्र दोनच ठिकाणी : एकाच आकड्याचा दोन्ही बाजूंनी वेगवेगळा अर्थ लावलेला असतो, किंवा संपर्क तुटल्यावर कोणी काय करायचे हे कोणीच ठरवलेले नसते. म्हणून पुढील मजकुरात या दोन गोष्टींना सर्वांत जास्त जागा दिली आहे.

कोणते काम कोणाकडे

प्रकल्प आणि ग्रिड यांच्यामध्ये नियंत्रणाच्या साधारण तीन पायऱ्या असतात. पहिली पायरी प्रकल्पाच्या आवारातच असते. तेथे प्रत्येक इन्व्हर्टरला (सौर पॅनेलची वीज ग्रिडयोग्य करणाऱ्या यंत्राला) किंवा पवनचक्कीला स्वतःचा कंट्रोलर असतो आणि त्या सर्वांना एकत्र हाकणारा प्लांट कंट्रोलर असतो. दुसरी पायरी म्हणजे प्रकल्पमालकाचे, किंवा अनेक प्रकल्पांची मोट बांधणाऱ्या संस्थेचे, नियंत्रण केंद्र. तिसरी म्हणजे ग्रिडचालकाचे भारप्रेषण केंद्र. स्पेनच्या रेद एलेक्त्रिका या ग्रिडचालक कंपनीने २००६ मध्ये नवीकरणीय प्रकल्पांसाठी स्वतंत्र केंद्र सुरू केले, तेव्हा तिने हीच उतरंड वापरली. पवनऊर्जा प्रकल्प थेट राष्ट्रीय केंद्राला न जोडता मधल्या उत्पादन नियंत्रण केंद्रांमार्फत जोडले गेले, दर १२ सेकंदांनी मोजमापे वर जाऊ लागली, आणि वरून आलेली उत्पादनमर्यादा प्रकल्पांनी १५ मिनिटांच्या आत गाठावी असे ठरले.

या दोन आकड्यांवरून कामाची वाटणी उमगते. जे काम सेकंदांच्या आत व्हायला हवे ते प्रकल्पातच राहिले पाहिजे. दूरच्या केंद्रातून, संपर्काच्या भरवशावर, ते करू नये. वारंवारतेला दिलेला प्रतिसाद हे याचे ठळक उदाहरण आहे. समजा, १०० मेगावॉटच्या प्रकल्पात ड्रूप, म्हणजे पूर्ण उत्पादन बदलायला लागणारा वारंवारतेचा फरक, ५ टक्के आहे आणि उत्पादनाची कपात ५०.२ हर्ट्झपासून सुरू होते. वारंवारता ५०.५ पर्यंत चढली तर ०.३ हर्ट्झचा फरक झाला. ५० हर्ट्झच्या ५ टक्के म्हणजे २.५ हर्ट्झ, म्हणून नामधारणेवर, म्हणजे प्रकल्पाच्या नेमलेल्या पूर्ण क्षमतेवर, मोजल्यास प्रकल्पाने १२ मेगावॉट कमी करायचे. हे गणित प्लांट कंट्रोलरने जागच्या जागी आणि तत्काळ केले पाहिजे. नियंत्रण केंद्राने फक्त ड्रूप किती, उंबरठा किती आणि ही सोय चालू आहे की बंद, एवढेच पाहावे आणि परवानगी असल्यास बदलावे. उंबरठ्याचा आकडा किती महाग पडू शकतो हे जर्मनीने अनुभवले आहे : जुन्या नियमानुसार तेथील छतांवरचे असंख्य सौर इन्व्हर्टर ५०.२ हर्ट्झला एकाच क्षणी ग्रिडमधून बाहेर पडणार होते, म्हणून २०१२ मध्ये त्यांची मांडणी बदलण्यासाठी वेगळा नियम करावा लागला.

त्यामुळे सॉफ्टवेअरच्या निविदेत पहिले पान कार्यविभागणीचे असावे. प्रत्येक कामापुढे ते कोणत्या पायरीवर होते, किती वेळात व्हायला हवे आणि वरची पायरी गप्प झाली तर ते कोण सांभाळते, या तीन नोंदी कराव्यात.

सिग्नल यादी

जोडणीचा खरा करार म्हणजे सिग्नल यादी. वकिलांनी लिहिलेला करार नंतर कोणी उघडत नाही, ही यादी मात्र रोज उघडली जाते. तिच्यात प्रत्येक सिग्नलसाठी नाव, पत्ता, प्रकार, एकक, गुणक, चिन्हाचा नियम, किमान व कमाल मूल्य, किती फरक पडल्यावर नवे मूल्य पाठवायचे ती मर्यादा आणि मोजमापाची नेमकी जागा, एवढे रकाने असलेच पाहिजेत. शेवटचा रकाना लोक गाळतात. पॉवर इन्व्हर्टरच्या टोकाला मोजली, ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडे मोजली की ग्रिडच्या जोडबिंदूवर मोजली, यानुसार आकडा बदलतो, आणि मग नियंत्रण केंद्र व मीटर यांच्यातला फरक ही चूक आहे की ट्रान्सफॉर्मरचा तोटा आहे, यावर महिनोन् महिने पत्रव्यवहार चालतो.

चिन्हाचा नियम सर्वांत आधी, वाक्यात लिहून ठरवावा. 'प्रकल्पातून ग्रिडकडे जाणारी ॲक्टिव्ह पॉवर धन' आणि 'प्रकल्प ग्रिडला रिॲक्टिव्ह पॉवर देत असेल तर धन, घेत असेल तर ऋण' अशी दोन वाक्ये यादीच्या माथ्यावर असावीत. (ॲक्टिव्ह म्हणजे प्रत्यक्ष काम करणारी पॉवर, रिॲक्टिव्ह म्हणजे व्होल्टेज टिकवण्यासाठी ये-जा करणारी.) ॲक्टिव्ह पॉवरचे चिन्ह उलटे असले तर ते पहिल्याच दिवशी डोळ्यांत भरते. रिॲक्टिव्ह पॉवरचे तसे नाही. तिचे दोन्ही अर्थ पटण्याजोगे असतात, आणि व्होल्टेज चढलेले असताना केंद्राने 'अजून घ्या' म्हणून दिलेला आदेश प्रकल्प 'अजून द्या' असा वाचतो तेव्हाच ती चूक समोर येते.

सेटपॉइंट मेगावॉटमध्ये की टक्क्यांत, आणि टक्क्यांत असल्यास कशाचे टक्के, हेही तसेच स्पष्ट हवे. प्रकल्पाची नामधारणा, आज दुरुस्तीखाली नसलेली धारणा आणि या क्षणी वाऱ्यातून किंवा उन्हातून मिळू शकणारी पॉवर, हे तीन वेगळे आकडे आहेत आणि तिन्ही यादीत स्वतंत्रपणे यायला हवेत. यांतला तिसरा, म्हणजे उपलब्ध पॉवर, हा नवीकरणीय प्रकल्पाचा खास सिग्नल होय. कोळशाच्या संचाला तो लागत नाही. येथे मात्र त्याच्याशिवाय कपात किती झाली हे मोजताच येत नाही, कारण कपात चालू असताना मीटरवर दिसणारा आकडा आपल्याच आदेशाचे प्रतिबिंब असते.

प्रकल्पाच्या आत बहुतेक इन्व्हर्टर आणि मीटर मॉडबस या संवादभाषेत बोलतात, आणि तेथे एक जुना सापळा आहे. दशांश संख्या ३२ बिटांची असते, मॉडबसचे रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवण्याचा खाना, १६ बिटांचे, म्हणून एक संख्या दोन रजिस्टरांत विभागली जाते; पहिले कोणते आणि दुसरे कोणते हे उत्पादकागणिक बदलते. ५०.० ही संख्या सोळापायी (हेक्साडेसिमल) पद्धतीत ४२४८ आणि ०००० अशा दोन रजिस्टरांत बसते. क्रम उलटा वाचला की हाती येणारी संख्या इतकी क्षुल्लक असते की पडद्यावर ती ०.०० म्हणून उमटते. वारंवारतेच्या रकान्यात ०.०० पाहून प्रकल्प बंद आहे असे वाटते, आणि शोध भलत्याच दिशेने सुरू होतो. म्हणून प्रत्येक नव्या उपकरणासाठी एक ज्ञात मूल्य निवडून त्याचे दोन्ही रजिस्टर कच्च्या स्वरूपात पाहावेत आणि क्रम यादीत लिहून ठेवावा.

ब्रेकरची, म्हणजे वाहिनी जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची, स्थिती एका बिटाने घेऊ नये. दोन बिटांच्या सिग्नलमध्ये १ म्हणजे उघडा (वाहिनी तुटलेली), २ म्हणजे बंद (वाहिनी जोडलेली), आणि ० किंवा ३ म्हणजे मधली अथवा अनिश्चित स्थिती. सॉफ्टवेअरने या अनिश्चित स्थितीला स्वतःचा रंग द्यावा. सोयीसाठी तिला 'उघडा' मानणारी मांडणी मी तरी स्वीकारणार नाही.

न बदलणारी माहितीही याच टप्प्यावर गोळा करावी. २८ सप्टेंबर २०१६ रोजी दक्षिण ऑस्ट्रेलियात वादळात वाहिन्या पडून व्होल्टेज वारंवार घसरले, तेव्हा काही पवनऊर्जा प्रकल्पांतील संरक्षण मांडणीने ठरावीक वेळात ठरावीक घसरणींनंतर उत्पादन घटवले, आणि ७ सेकंदांहून कमी वेळात ४५६ मेगावॉट निघून गेले. पुढे संपूर्ण राज्य अंधारात गेले. त्या मांडणीची ग्रिडचालकाला आधी कल्पना नव्हती. म्हणून प्रत्येक इन्व्हर्टर व पवनचक्कीच्या संरक्षणाच्या मर्यादा, सलग किती घसरणी ती सोसते हा आकडा आणि फर्मवेअरची आवृत्ती या गोष्टी डेटाबेसमध्ये असाव्यात, कोणाच्या तरी लॅपटॉपवरच्या फायलीत नव्हेत.

संपर्क, क्वालिटी आणि वेळ

प्रकल्प आणि केंद्र यांच्यामध्ये आयईसी ६०८७०-५-१०४ हा प्रोटोकॉल सर्रास वापरला जातो. पवनऊर्जेसाठी आयईसी ६१४००-२५ आणि सबस्टेशनमध्ये आयईसी ६१८५० आढळतात. १०४ चा संवाद २४०४ या पोर्टवर चालतो आणि त्याच्या t1, t2 आणि t3 या वेळमर्यादांची प्रमाण मूल्ये १५, १० आणि २० सेकंद आहेत. मोबाइल किंवा उपग्रहाच्या दुव्यावर ही मूल्ये बदलावी लागू शकतात. मात्र दोन्ही टोकांना ती एकमेकांशी जुळली पाहिजेत, नाहीतर दुवा उगाचच तुटत आणि जुळत राहतो आणि दोष दूरसंचार कंपनीच्या माथी मारला जातो. दुवा पुन्हा जुळताच केंद्राने सर्व सिग्नलांची सरसकट विचारणा करावी, कारण मधल्या काळात बदललेले मूल्य आपोआप येईलच याची खात्री नसते.

दोन दुवे घेतले म्हणजे पर्यायी मार्ग तयार झाला असे समजू नये. दोन्ही केबल एकाच चरातून जात असतील, किंवा दोन्ही राउटर एकाच चार्जरवर चालत असतील, तर तो एकच दुवा आहे. जागेवर जाऊन केबल कोठून निघते आणि वीज कोठून घेते हे पाहण्यात अर्धा दिवस जातो, तो द्यावा.

आता पडद्यावरच्या आकड्याविषयी. प्रत्येक मूल्यासोबत १०४ मध्ये क्वालिटीचे बिट येतात : मूल्य अवैध आहे, शिळे आहे, हाताने भरलेले आहे, अडवलेले आहे किंवा मापनाच्या कक्षेबाहेर गेले आहे. अनेक सॉफ्टवेअरमध्ये हे बिट डेटाबेसपर्यंत पोहोचतात आणि पुढे गळतात. बेरजेच्या सूत्रात, अहवालात आणि अंदाजाच्या गणितात केवळ आकडा जातो. मग सायंकाळी चार वाजता दुवा तुटलेला सौर प्रकल्प रात्री नऊ वाजताही ३८ मेगावॉट देत असल्याचे एकूण बेरजेत दिसते. एका प्रकल्पाचे हे सोंग डोळ्यांना कळते. साठ प्रकल्पांच्या बेरजेत ते लपून जाते. म्हणून नियम असा ठेवावा की ज्या बेरजेत एकही घटक शिळा आहे त्या बेरजेवर शिळेपणाची खूण चढली पाहिजे, आणि पर्यायी मूल्य वापरायचे असल्यास, उदाहरणार्थ अंदाजातले, तर तेही खुणेसह वापरावे.

वेळेची नोंद गेटवेमध्ये (प्रकल्पाच्या बाजूने केंद्राशी बोलणाऱ्या उपकरणात), म्हणजे घटनेच्या शक्य तितक्या जवळ, व्हावी आणि साठवणूक आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळेत करावी. स्थानिक वेळ फक्त पडद्यावर दाखवावी. जेथे घड्याळे वर्षातून दोनदा पुढे-मागे होतात तेथे स्थानिक वेळेत साठवलेल्या नोंदींत एक तास दोनदा येतो आणि हिशेब बिघडतो. दुवा तुटला असताना गेटवेने साठवून ठेवलेल्या घटना दुवा जुळल्यावर एकदम येतात. त्या इतिहासात जाव्यात, पण त्यांच्यावरून आत्ताचा अलार्म वाजू नये किंवा स्वयंचलित आदेश निघू नये. हा फरक सॉफ्टवेअरला कळतो का, हे खरेदीपूर्वीच करून पाहावे.

सेटपॉइंट : पोच म्हणजे पालन नव्हे

आदेशाच्या प्रवासाचे चार टप्पे वेगळे दाखवले पाहिजेत. केंद्राने आदेश पाठवला, गेटवेने स्वीकारला, प्लांट कंट्रोलरने आपल्याकडचे सध्याचे लक्ष्य परत कळवले, आणि प्रत्यक्ष मोजलेली पॉवर त्या लक्ष्याच्या आत आली. १०४ मधील पोच दुसऱ्या टप्प्याचीच ग्वाही देते. सुरुवातीच्या उदाहरणातील घोटाळा तिसऱ्या टप्प्यावर पकडला गेला असता, जर प्लांट कंट्रोलरने 'माझे लक्ष्य २०.० मेगावॉट' असे परत कळवले असते आणि केंद्राने ते पाठवलेल्या ४० शी ताडून पाहिले असते. म्हणून परत आलेले लक्ष्य हा सिग्नल सक्तीचा ठेवावा, आणि तो मेगावॉटमध्येच मागावा.

एकाच प्रकल्पावर एकाच वेळी अनेकांच्या मर्यादा असतात : ग्रिडचालकाने वाहिनीच्या भारामुळे घातलेली, बाजारातील व्यवहारामुळे आलेली, देखभालीसाठी मालकाने लावलेली. वरच्या मर्यादांच्या बाबतीत जी सर्वांत कमी ती लागू, हा नियम पुरेसा आहे. पण सॉफ्टवेअरने प्रत्येक मर्यादा वेगळी जपावी, तिचा मालक, सुरुवात आणि शेवट नोंदवावा. एकच खाना ठेवून शेवटचा आदेश आधीच्यावर लिहिला, तर बाजाराची मर्यादा उठवताना ग्रिडचालकाचीही नकळत उठते.

समूहातील कपातीची वाटणी दिसते तितकी सरळ नाही. समजा, तीन प्रकल्पांची उपलब्ध पॉवर ४०, २५ आणि १० मेगावॉट आहे आणि समूहाला ६० ची मर्यादा आली. समप्रमाणात ०.८ ने गुणून ३२, २० आणि ८ असे आदेश निघतील. पण तिसऱ्या प्रकल्पाचा दुवा तुटलेला असेल तर तो १० देतच राहणार असे धरावे लागते. मग उरलेल्या दोघांना ६५ मधून ५० वर आणावे लागते आणि आदेश सुमारे ३०.८ व १९.२ असे होतात. सॉफ्टवेअरने हे दुसरे गणित आपोआप करावे. त्याचबरोबर, वारा वाढून एका प्रकल्पाची उपलब्ध पॉवर बदलली म्हणून दर काही सेकंदांनी सर्वांना नवे आदेश पाठवू नयेत. ठरावीक फरक पडेपर्यंत थांबावे, नाहीतर पवनचक्क्यांची पाती दिवसभर विनाकारण वळत राहतात.

ॲक्टिव्ह पॉवरचा आदेश देताना प्रकल्प रिॲक्टिव्ह पॉवरच्या कोणत्या पद्धतीत आहे हे त्याच पडद्यावर दिसले पाहिजे. स्थिर पॉवर फॅक्टरवर, म्हणजे दोन्ही पॉवरचे प्रमाण कायम ठेवून, चाललेला प्रकल्प ग्रिडकडून रिॲक्टिव्ह पॉवर घेऊन व्होल्टेज दाबून धरत असेल, तर मेगावॉट कमी करताच त्याने घेतलेले मेगाव्हारही (रिॲक्टिव्ह पॉवरचे एकक) कमी होतात, आणि व्होल्टेज चढते. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली ती चढत्या व्होल्टेजच्या साखळीने. आणि त्या वेळी तेथील बरेच नवीकरणीय प्रकल्प स्थिर पॉवर फॅक्टरवर चालत होते, व्होल्टेज सांभाळण्याच्या पद्धतीवर नव्हे. ग्रिडच्या नियमांत मुभा असेल तेथे व्होल्टेज सांभाळण्याची पद्धत घ्यावी, आणि नसेल तेथे मोठी कपात टप्प्याटप्प्याने करावी.

आता संपर्क तुटल्यावरचा प्रश्न. प्रकल्पापुढे तीन मार्ग असतात : शेवटची मर्यादा धरून ठेवणे, आधी ठरलेल्या सुरक्षित मर्यादेकडे हळूहळू जाणे, किंवा मर्यादा सोडून पूर्ण क्षमतेने चालणे. तिसरा मार्ग मालकाला आकर्षक वाटतो आणि ग्रिडसाठी तोच सर्वांत वाईट असतो, कारण ज्या वादळात दुवे तुटतात त्याच वादळात वारा जोरात असतो. माझ्या मते, ठरावीक काळ, समजा १५ मिनिटे, शेवटची मर्यादा धरावी आणि नंतर ग्रिडचालकाशी लेखी ठरलेल्या मूल्याकडे उतारदर (उत्पादन किती वेगाने बदलायचे ती मर्यादा) सांभाळून जावे. यासाठी केंद्राकडून नियमित येणारा एक जिवंतपणाचा सिग्नल लागतो. टीसीपी जोडणी उघडी आहे एवढ्यावर विसंबू नये, कारण जोडणी उघडी असूनही तिच्यामागचा प्रोग्रॅम लटकलेला असू शकतो. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी एका उपग्रह सेवेवरील सायबर हल्ल्यामुळे युरोपातील एका उत्पादकाच्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचा दूरसंपर्क गेला. त्या स्वयंचलित पद्धतीने फिरत राहिल्या. जागेवरचे नियंत्रण स्वयंपूर्ण असल्याचा तो फायदा होता. पण अशा वेळी केंद्राने कोणता आकडा धरून ग्रिड चालवायचे, याचे उत्तर आधीच लिहिलेले असावे लागते.

अंदाज

अंदाजाचे इंजिन बहुतेक ठिकाणी बाहेरून सेवा म्हणून घेतले जाते आणि ते योग्यच आहे. आपल्या बाजूने त्याला चांगले अन्न पुरवणे एवढे काम उरते. वाऱ्यातील पॉवर वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणून वेगाच्या अंदाजात १० टक्क्यांची चूक पॉवरमध्ये सुमारे ३३ टक्क्यांची होते. आणि वारा सुमारे २५ मीटर प्रतिसेकंदापर्यंत गेला की अनेक पवनचक्क्या स्वतःला थांबवतात, तेव्हा पूर्ण उत्पादन आणि शून्य यांच्यात फार थोडे अंतर राहते. या कड्याची वेगळी सूचना अंदाजसेवेकडून मागावी. सरासरी चुकीच्या टक्केवारीत ती बुडून जाते.

कपातीच्या काळातील नोंदींवर खूण नसेल तर अंदाजाचे गणित त्या नोंदींतून असे शिकते की या वाऱ्याला हा प्रकल्प कमीच वीज देतो. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत मर्यादा लागू होती का, उपलब्ध पॉवर किती होती आणि किती यंत्रे बंद होती, हे तीन रकाने पाठवावेत. सेवेची पारख करताना 'पुढच्या तासात आत्ताइतकेच उत्पादन राहील' या साध्या गृहीतकाशी तुलना करावी. नजीकच्या तासाभरात हे गृहीतक भल्याभल्यांना जड जाते.

पडदा आणि अलार्म

मुख्य पडद्यावर वारंवारता, एकूण उत्पादन, उपलब्ध पॉवर, लागू मर्यादा, अंदाज आणि संपर्क तुटलेल्या मेगावॉटची बेरीज एवढे पुरे. प्रत्येक पवनचक्कीचा अलार्म केंद्रात आणू नये. गिअरबॉक्सचे तेल तापल्याचे प्रकल्पातील माणसाला कळायला हवे, केंद्राला फक्त 'दोन मेगावॉट कमी झाले' हे कळले तरी चालते. अलार्मविषयीच्या प्रचलित मार्गदर्शक तत्त्वांनुसार नेहमीच्या परिस्थितीत एका ऑपरेटरला १० मिनिटांत सरासरी एकाहून अधिक अलार्म येऊ नये. हा आकडा स्वीकार चाचणीच्या अटींत घालावा.

सुरक्षा

मूळ १०४ प्रोटोकॉलमध्ये आदेश देणारा कोण आहे हे तपासण्याची सोय नाही. जो जोडला गेला त्याचा आदेश चालतो. १७ डिसेंबर २०१६ रोजी कीव्हजवळच्या सबस्टेशनवर झालेल्या हल्ल्यातील घातक प्रोग्रॅम हाच प्रोटोकॉल बोलत होता. म्हणून आयईसी ६२३५१ नुसार कूटबद्ध जोडणी घ्यावी, गेटवेने केवळ ठरलेल्या पत्त्यांकडूनच आदेश स्वीकारावेत, आणि यंत्र-उत्पादकाला दुरुस्तीसाठी दिलेला दूरप्रवेश कायम उघडा न ठेवता मागणीनुसार, वेळ ठरवून उघडावा. प्लांट कंट्रोलरमध्येच उतारदराची आणि सेटपॉइंटच्या कक्षेची तपासणी असली, तर केंद्रच ताब्यात गेल्यास होणारे नुकसानही आटोक्यात राहते.

चाचणी

कारखान्यातील चाचणीत सिम्युलेटर वापरून प्रत्येक सिग्नल, प्रत्येक क्वालिटी बिट आणि प्रत्येक आदेश तपासावा. जागेवरील चाचणी मात्र टोकापासून टोकापर्यंत हवी : एक माणूस इन्व्हर्टरपाशी किंवा ब्रेकरपाशी, दुसरा केंद्रातल्या पडद्यापाशी, आणि मध्ये फोन. जागेवरच्या माणसाने मीटरवरचा आकडा आधी वाचून दाखवावा आणि मगच केंद्रातल्या माणसाने आपला सांगावा; क्रम उलटा झाला की दोघांचे आकडे आश्चर्यकारकरीत्या जुळतात.

सेटपॉइंटची चाचणी अशा वेळी घ्यावी की मर्यादा खरोखर बसेल. उपलब्ध पॉवर ४५ असताना ३० चा आदेश देऊन पाहिला तर काही सिद्ध होते. उपलब्ध पॉवर १५ असताना ४० चा आदेश दिला तर काहीच होत नाही. वारा नसेल तर चाचणी पुढे ढकलावी, वेळापत्रक कितीही मागे पडले असले तरी. ३० वर उतरायला किती वेळ लागला, उतारदर पाळला गेला का, खाली किती घसरून मग स्थिरावले आणि त्या काळात रिॲक्टिव्ह पॉवर व व्होल्टेज कसे हलले, याचा एका सेकंदाच्या अंतराने आलेख काढून दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी ठेवावा.

त्यानंतर केबल उपटण्याचा दिवस. कपात चालू असताना मुख्य दुवा तोडावा, दुसऱ्यावर गेलेला पाहावा, मग तोही तोडावा आणि घड्याळ लावून बसावे : पडद्यावरची मूल्ये किती सेकंदांनी शिळी दिसली, समूहाच्या वाटणीने हा प्रकल्प वगळला का, १५ मिनिटांनी प्रकल्प ठरलेल्या मर्यादेकडे गेला का. दुवा परत जोडल्यावर साठलेल्या घटना योग्य वेळेनिशी इतिहासात बसल्या का आणि जुना सेटपॉइंट आपोआप पुन्हा लागू झाला का, हेही तपासावे. तो आपोआप लागू होऊ नये, ऑपरेटरने नव्याने द्यावा. प्लांट कंट्रोलर, गेटवे आणि केंद्रातील मुख्य सर्व्हर हे तिन्ही एकेकदा बंद करून हीच तपासणी पुन्हा करावी.

प्रकल्प चालू झाल्यावर पहिला महिनाभर टेलिमेट्रीतील (दूरून आलेल्या मोजमापांतील) मेगावॉटची दर १५ मिनिटांची सरासरी काढून तिला चारने भागावे आणि मीटरच्या मेगावॉट-तासांशी रोज ताडून पाहावे. फरक टक्क्यांत स्थिर असेल तर तो मोजमापाच्या जागेचा किंवा गुणकाचा असतो. उत्पादनाबरोबर टक्केवारीही वाढत असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या तोट्याचा असण्याची शक्यता अधिक. ठरावीक तासांतच येत असेल तर घड्याळे तपासावीत. आणि इन्व्हर्टरचे फर्मवेअर बदलले, एखादे मीटर नवे बसवले किंवा गेटवे बदलला, की सिग्नल यादीचा आवृत्तीक्रमांक वाढवून त्या भागाची टोकापासून टोकापर्यंतची चाचणी पुन्हा घ्यावी. दोन्ही बाजूंकडे एकाच क्रमांकाची यादी आहे ना, हे पाळी बदलताना लॉगबुकात लिहायला फारसा वेळ लागत नाही.